नंदाबाईची तिपेडी तार

बद्रीनाथच्या कानांची गोष्ट निघाली की राजूरच्या चौकातला चहावाला आधी गॅस बारीक करतो; ही गोष्ट एका उकळीत संपत नाही, हे त्याला ठाऊक आहे. दोन शेतं पलीकडं विहिरीवर मोटार चालू असली, तर नुसत्या घरघरीवरून बद्रीनाथ सांगायचा, खाली पाणी किती हात उरलंय. एकदा बांधावर बसल्या बसल्या त्यानं शेजारच्या शिवारातल्या मोटारीला कान दिला आणि म्हणाला, "जाळीत बेडूक अडकलाय." माणसांनी पाइप वर ओढला. बेडूक निघाला. एवढ्या आवाजात राहून बिचारा ठार बहिरा झालेला होता. हेही बद्रीनाथनंच ओळखलं.

देवानं असे कान दिल्यावर त्यांच्या चाऱ्यापाण्याची सोय कोणी करायची? राजूरपासून चार किलोमीटरवर, भोकरदनच्या रस्त्याला लागून बद्रीनाथचं घर. वय साठीला टेकलेलं, पाच एकर कपाशी, दोन एकर तूर, पोरगं बबलू पुण्याला नोकरीला. आता नाही ऐकायचं तर कधी? त्यानं समोरची बैठकीची खोली कानांच्या नावानं करून टाकली.

सुरुवात झाली जालन्याच्या राधेश्यामच्या दुकानापासून. राधेश्याम तीस वर्षं रेडिओ-टेप दुरुस्त करतो आणि दुरुस्त न होणाऱ्या वस्तू बद्रीनाथला विकतो. त्याच्याकडून एक जुना ॲम्प्लिफायर आला, रेकॉर्ड प्लेयर आला, आणि कधीच्या बंद पडलेल्या टुरिंग टॉकीजचे दोन स्पीकर आले. एकेक स्पीकर एवढा, की आत वासरू उभं राहावं. पहिल्या दिवशी बद्रीनाथनं बटण जरा जास्त फिरवलं. त्या संध्याकाळी नंदाबाई म्हशीखाली बसली, तर धारेला दूध नाहीच, थेट ताक. वर लोण्याचा गोळा तरंगत होता म्हणतात, पण लोण्याचं खरं-खोटं नंदाबाईलाच माहीत.

मग सुधारणांचं वेड लागलं. मशीनमधून सारखं 'घूंऽऽ' ऐकू यायचं. बद्रीनाथनं घरामागं पुरुषभर खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून तांब्याची पट्टी पुरली आणि अर्थिंग केलं. लोक सकाळी तुळशीला पाणी घालायचे, हा अर्थिंगला. घूं बंद झालं. मग कोणी खोलीत चाललं की रेकॉर्डवरची सुई उडी मारायची. त्यावरही इलाज निघाला.

"आवं, माझ्या जात्याची खालची तळी कुठं गेली?" नंदाबाईनं विचारलं.

"वर गेली. बढती झाली तिची."

तळी टेबलावर चढली होती आणि तिच्यावर रेकॉर्ड प्लेयर बसला होता. आता खोलीतून रेडा पळाला तरी सुई हलत नव्हती. रेडा कोणी पळवून बघितला नाही, पण बद्रीनाथनं छातीवर हात ठेवून सांगितल्यावर कोण विचारणार?

राहिली एकच गोष्ट, तार. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार चांगली पाहिजे, असं राधेश्यामनं त्याच्या डोक्यात भरवलेलं. बद्रीनाथकडं जळालेल्या पाच हॉर्सच्या पाणबुडी मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार पडून होती. तिला पीळ घालायला गेला, तर गुंताच झाला. शेवटी नंदाबाईनंच ती हातात घेतली आणि ओसरीवर बसून, पोरीची वेणी घालावी तशी, तिपेडी वेणी घालून दिली. दोन स्पीकरना दोन वेण्या.

"तेल बी लावू का?" ती म्हणाली.

यंदा कापूस दणकून आला आणि भाव दणकून बसला. मग काय, सगळ्या गावानं कापूस घरात भरला, भाव उठेपर्यंत थांबायचं म्हणून. नंदाबाईची मागची खोली भरली, माळा भरला. एके दिवशी दुपारी तिनं उरलेली सगळी गाठोडी बैठकीत आणून टाकली. तीन भिंतींना आढ्यापर्यंत थप्पी लागली. मधे उरले दोन स्पीकर, मशीनचं टेबल आणि एक खुर्ची. बद्रीनाथ कुरकुरला, पण तारेच्या नादात होता. त्याच संध्याकाळी त्यानं वेण्या जोडल्या, सारंगी-तबल्याची आपली आवडती रेकॉर्ड लावली आणि खुर्चीत टेकला.

आणि टेकला तो तसाच राहिला.

आजवर त्या रेकॉर्डमध्ये सारंगी होती आणि तबला होता. आज सारंगीवाल्याच्या बोटाचं नख ऐकू येत होतं. तबलजीचा श्वास ऐकू येत होता. बद्रीनाथनं पुढं चार माणसांत शपथेवर सांगितलं, की तबलजीच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा त्याला ऐकू आली आणि ते घड्याळ पाच मिनिटं मागं होतं.

"तार! तारेची कमाल हाय सगळी," तो ओरडत अंगणात आला. "नंदे, तुझ्या हातात जादू हाय."

"मंग त्या हातानं भाकरी बी होतात. या खायाला," नंदाबाई म्हणाली.

महिनाभरात ही तार राजूर ओलांडून जालन्याला पोहोचली. राधेश्यामच्या दुकानात भालचंद्रराव येत असत. रिटायर्ड इंजिनिअर, फ्लॅटमधलं त्यांचं मशीन ट्रॅक्टरच्या किमतीचं, आणि त्यांच्या तारा परदेशातून मखमलीच्या डब्यातून आलेल्या. खेड्यातल्या वेणीची कीर्ती ऐकून त्यांना हसू आलं. पौषातल्या संकष्टीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घेऊन, मुद्दाम वाट वाकडी करून त्यांनी गाडी बद्रीनाथच्या दारात उभी केली.

भालचंद्ररावांनी रेकॉर्डची एक बाजू पुरती ऐकली. मग गुडघ्यावर बसून त्यांनी तार हातात घेतली.

"ही कुठली? जपानी?"

"इहिरीतली," बद्रीनाथ म्हणाला. "पाच हॉर्सची हाय."

"अशक्य आहे हो, बद्रीनाथराव. अशक्य!" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. तिन्ही बाजूंनी कापूस, खुर्चीच्या पायाशी कापूस, त्यांच्या स्वेटरलाही कापूस. "एवढ्या अडगळीत हे असं वाजतंय. हा पसारा काढा आणि खोली स्वच्छ, मोकळी करा. मग काय वाजेल, विचार करा! पुढच्या चतुर्थीला मी शरयूला घेऊन येतो. माझी बायको. तिनं चाळीस वर्षं गाणं शिकवलंय. माझ्या मशीनला तिनं आजपर्यंत एकदाही मान डोलावलेली नाही."

"डोलावतील," बद्रीनाथ म्हणाला. "मानेला पट्टा घेऊन या म्हणावं. डोलून डोलून दुखंल."

गाडी गेली आणि नंदाबाईनं दारात उभं राहून पदर खोचला.

"आता माझं ऐका. दिवाळीपासून ही खोली मागून राह्यले मी. तूर येईल, ती काय डोक्यावर ठिवू? त्या बाईनं मान डोलावली तर खोली तुमची. जल्मात तोंड उघडणार न्हाई मी. आन न्हाई डोलावली, तर हे सगळं गबाळ गोठ्याच्या शेडमधी, आन खोली माझी. हाय कबूल?"

"बिलकुल कबूल. राजुरेश्वराची आण."

पैज जिंकल्यात जमा होती. नेमका त्याच आठवड्यात भाव थोडा उठला आणि बद्रीनाथनं भालचंद्ररावांच्या सल्ल्याचा मान ठेवून सगळा कापूस गाडीत भरून लावून दिला. गावातले बाकीचे अजून थांबलेले. हा म्हणाला, मला भावापेक्षा भिंती मोठ्या. मग त्यानं खोलीला चकचकीत ऑइल पेंट मारला, खांद्याइतक्या उंच टाइल बसवल्या, रेकॉर्डींसाठी काचेचं कपाट आणलं. खोली अशी झाली, की माशी भिंतीवर बसायची आणि घसरून खाली पडायची. अंघोळ करून, पांढरा सदरा घालून बद्रीनाथनं रेकॉर्ड लावली.

तबलजी रिकाम्या पाण्याच्या टाकीत जाऊन बसला होता. सारंगीला सर्दी झाली होती. एक थाप वाजली की तिच्या चार थापा होऊन भिंतीभिंतीवरून परत यायच्या आणि एकमेकींच्या पायात पाय घालून पडायच्या.

बद्रीनाथनं तार काढून परत जोडली. उजवी डावीकडं, डावी उजवीकडं लावली. अर्थिंगला दोन बादल्या पाणी जास्त घातलं. सुई बदलली. स्पीकर पुढं ओढले, मागं ढकलले. भालचंद्ररावांची नजर लागली असेल म्हणून तारेला लिंबू-मिरची बांधली. राधेश्यामला फोन लावला.

"तार खराब झाली असंल, बद्रीभाऊ," राधेश्याम म्हणाला. "दुसरी देऊ का?"

"तार बराबर हाय. हवा बिघडली," बद्रीनाथनं ठणकावलं आणि फोन ठेवला. चतुर्थी तीन दिवसांवर आली होती. शेडमध्ये म्हशीच्या शेजारी उभे राहिलेले आपले स्पीकर त्याला डोळ्यांपुढं दिसू लागले.

तेवढ्यात नंदाबाई दारात आली. "जेवायला चला," ती म्हणाली आणि खोलीनं तीच हाक पाठोपाठ दोनदा मारली. चला, चला.

"बाई बाई! काय घुमून राह्यलं हे," नंदाबाई हसायला लागली. "कापूस व्हता तव्हा बरं व्हतं. दोन महिने हितं उभं राहून मी तुमाला काय काय बोलले, पर माझंच मला ऐकू येत न्हवतं. शिव्या वाया गेल्या सगळ्या."

"म्हंजे?"

"म्हंजे काय? कापूस आवाज खातो. माझ्या माहेरी, आष्टीला, कापसाच्या खोलीत कोनी भांडनच करत न्हाई. फायदाच न्हाई त्याचा. शेळीला बी म्हाईत हाय ही गोष्ट."

बद्रीनाथ खुर्चीत बसला. मग उठला. मधोमध उभं राहून त्यानं एक टाळी वाजवली. भिंतींनी सहा वाजवल्या. मोटारीतला बेडूक ओळखणाऱ्या कानाला, दोन महिने तिन्ही बाजूंनी गुदगुल्या करणारा कापूस ओळखता आला नव्हता. त्याची कानशिलं तापली.

"तार न्हाई मंग," तो हळूच म्हणाला.

"तार बी हाय की," नंदाबाई म्हणाली. वेणी तिनं घातली होती. "पर नुसत्या वेनीनं नवरी व्हते का?"

आपला कापूस तर कधीच गेलेला. पण बद्रीनाथ काही खचणाऱ्यातला नव्हता. जेवण झाल्याबरोबर तो पुंजारामकडं गेला. पुंजाराम म्हणजे चुलतभाऊ, बांधाला बांध लागून. त्याचा कापूस अजून पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. उंदरांनी त्यात घरटी केली होती, आणि कापसातल्या किड्यांनी घरातली झाडून सगळी माणसं सकाळ-संध्याकाळ खाजवत होती.

"पुंजाराम, तुझा कापूस माझ्या बैठकीत आणून ठिव."

पुंजारामचा खाजवणारा हात थांबला. "काय खेळी हाय?"

"खेळी न्हाई. भाऊकी हाय."

"भाऊकी म्हनलं की मी आधी कागद मागतो, दादा. टाइल बसवल्या, रंग मारला, आन आता माझा कापूस? डोकं बराबर हाय ना?"

"उंदीर लागून राह्यलेत तुझ्या कापसाला. माझ्या खोलीत दोन महिने एक उंदीर फिरकला न्हाई. एवढंच."

पुंजारामनं पुष्कळ विचार केला. त्यात त्याला कुठं तोटा सापडेना, आणि म्हणूनच त्याचा संशय वाढला. "ठिवतो. पर भाव वाढल्याचा मेसेज आला की त्याच घडीला उचलीन. तू जेवत आस, झोपेत आस, न्हाईतर तिरडीवर आस."

"बिलकुल," बद्रीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी टाइल झाकल्या, काचेचं कपाट झाकलं, तीन भिंतींना परत थप्पी लागली. बद्रीनाथनं टाळी वाजवली. टाळी जिथल्या तिथं मेली. त्यानं रेकॉर्ड लावली. तबलजी टाकीतून बाहेर आला होता, अंग पुसून समोर बसला होता. घड्याळसुद्धा चालू होतं.

चतुर्थीला दुपारी भालचंद्रराव आणि शरयूताई आले. शरयूताई बारीक, ताठ, चष्म्याआडून माणसाचा सूर तपासणाऱ्या. भालचंद्ररावांनी थप्प्यांकडं बघून कपाळाला आठ्या घातल्या. "अहो, पसारा काढायचं ठरलं होतं ना?"

"काढला व्हता, साहेब. परत आला," बद्रीनाथ म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं.

शरयूताई खुर्चीत बसल्या. भालचंद्रराव स्टुलावर बसले आणि नंदाबाई दाराला टेकून उभी राहिली, ताईंच्या मानेवर नजर लावून. सुई टेकली.

पहिली पाच मिनिटं शरयूताई दगडासारख्या बसल्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले.

"अंगावर काटा येतोय," भालचंद्रराव कुजबुजले आणि दंड चोळू लागले.

"काटा न्हाई, किडे हायत ते," नंदाबाई म्हणाली. कापसात तिचं बोलणं खुर्चीपर्यंत पोहोचलंच नाही.

शरयूताईंची हनुवटी किंचित हलली. आता मान उजवीकडं जाणार, तेवढ्यात ती थांबली.

"तबला जरा लांब गेला का?" डोळे न उघडता शरयूताई म्हणाल्या.

बद्रीनाथनं तारेकडं बघितलं. तार जागेवर होती. आणखी थोडं वाजलं.

"आता सारंगी डब्यात गेली." त्यांच्या कपाळावर आठी आली. "आता तर… खोली बदलली का हो?"

त्यांनी डोळे उघडले. बद्रीनाथनं मागं वळून बघितलं. मागच्या दारातून पुंजाराम डोक्यावर गाठोडं घेऊन पाय न वाजवता बाहेर चालला होता. मागची भिंत निम्मी उघडी पडली होती आणि टाइल चकाकत होत्या. बाहेर गाडी उभी.

"मेसेज आला, दादा," पुंजाराम ओशाळून म्हणाला. "भाव वाढला. गानं मोडू नये म्हनून हळूच नेऊन राह्यलो."

खोलीत फक्त रेकॉर्ड वाजत राहिली, टाकीतल्यासारखी. भालचंद्ररावांनी एकदा गाठोड्याकडं बघितलं, एकदा उघड्या भिंतीकडं, एकदा तारेकडं. इंजिनिअर होते, कळायला वेळ लागला नाही. बद्रीनाथला वाटलं, म्हणावं काहीतरी. व्होल्टेज कमी झालं म्हणावं. तोंडात आलंही होतं. पण समोर शरयूताई चष्म्यातून बघत होत्या, आणि त्या चष्म्याला खोटा सूर चालत नव्हता.

"ताई," तो उभा राहून म्हणाला, "तार न्हाई. कापूस हाय. आन मला ते माझ्या कानानं कळलं न्हाई. तीन दिसाखाली हिनं सांगितलं तव्हा कळलं."

एवढं बोलून तो सावरला. "पर साहेबांना ट्रॅक्टरच्या किमतीत बी कळलं न्हाई ते आमच्या घरात कळलं. हे बी ध्यानात घ्या."

"कापूस काढा असं कोणी सांगितलं होतं यांना?" शरयूताईंनी नवऱ्याकडं न बघता विचारलं. भालचंद्रराव तारेची वेणी फार लक्षपूर्वक न्याहाळू लागले.

मग शरयूताई पुंजारामकडं वळल्या. "भाऊ, ते गाठोडं परत ठेवा बघू. जिथं होतं तिथंच."

पुंजारामनं ठेवलं. सारंगी डब्यातून बाहेर आली. "आता उचला." सारंगी आत गेली. "परत ठेवा." पुंजाराम चार वेळा आत-बाहेर झाला आणि पाचव्या वेळी गाठोडं डोक्यावर घेऊन उंबऱ्यातच उभा राहिला.

"आयला," तो म्हणाला, "मी कापूस नेऊन राह्यलो का गानं?"

तो माघारी आला, गाडीतली बाकीची गाठोडीही आणून त्यानं थप्पीवर रचली आणि स्वतः खाली फरशीवर मांडी घालून बसला. गाडीवाला हॉर्न वाजवत होता. कापसात तो कोणाला ऐकू आला नाही. बद्रीनाथनं रेकॉर्ड पहिल्यापासून लावली. या वेळी समेवर शरयूताईंची मान डोलली. चांगली खांद्यापर्यंत डोलली, आणि बाजू संपेपर्यंत डोलत राहिली.

"डोलली!" बद्रीनाथ उडालाच.

"डोलली खरी," दारातून नंदाबाई म्हणाली. "पर ताई, देवाला स्मरून सांगा. मशीनला डोलली का कापसाला?"

शरयूताई हसल्या. "कापसाला, नंदाबाई."

"मंग खोली कापसाची. म्हंजे माझी."

बद्रीनाथचा चेहरा उतरला. राजुरेश्वराची आण घातलेली. ती काय कापसानं पुसता येते? "बराबर हाय," तो म्हणाला. त्यानं बटण बंद केलं आणि वाकून तारेची पहिली गाठ सोडायला घेतली. पुंजाराम खाली बघू लागला.

नंदाबाईनं नवऱ्याला पहिली गाठ सोडू दिली. दुसरीला हात गेला तेव्हा ती म्हणाली, "आन कापसाची राखन कोन करनार? पुंजारामभावजींच्या शेडमधी उंदरांनी संसार थाटले. हितं दोन महिने एक उंदीर न्हाई. का बरं न्हाई?"

"वाजून राह्यलं व्हतं म्हनून," पुंजाराम पटकन म्हणाला.

"मंग? राखनदार कुनी शेडमधी ठिवतं का? राहू द्या तिथंच. पर खोली माझी. मशीन पाव्हनं. कापूस येईल, तूर येईल, आन पाव्हन्यानं कुरकुर करायची न्हाई. हाय कबूल?"

"बिलकुल!" बद्रीनाथ म्हणाला. सोडलेली गाठ त्यानं एवढी घट्ट आवळली, की तांब्याला घाम फुटला.

परत जाताना भालचंद्ररावांनी गाडीच्या मागच्या सीटवर तीन गाठोडी कोंबली. जालन्याच्या त्यांच्या हॉलमध्ये आता सोफ्याच्या जागी कापूस आहे, आणि पाहुणे आले की बसतात आणि दिसेनासे होतात. चहा घेऊन शरयूताई त्यांना चाचपून शोधतात.

इकडं बद्रीनाथनं राधेश्यामला फोन करून कळवलं, की आपलं शेवटचं अपग्रेड झालं, आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाही. त्याला जूनमध्ये पेरावं लागतं. पुंजारामचा भाव त्या दिवशी हुकला, पण तो तक्रार करत नाही. दर संध्याकाळी तो आपल्या कापसाची तब्येत बघायला येतो आणि रेकॉर्डच्या दोन्ही बाजू ऐकून जातो.

नंदाबाईनं मात्र एक नियम केलाय. स्वयंपाकातलं, शेतातलं काही सांगायचं असलं तर ती बैठकीत जाऊन सांगते. पण नवऱ्याला दोन शब्द मनापासून सुनवायचे असले, की ती ओसरीवर उभी राहते, बाह्या वर सारते आणि हाक मारते, "आवं, जरा भाईर या."

ती हाक बद्रीनाथच्या त्या कानांना अजूनसुद्धा पहिल्यांदा ऐकू येत नाही.